वस्तुरूपाने मिळालेले

आत्याबाई पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता वारल्या. त्या ग्रामपंचायतीच्या सदस्य होत्या. तीन आठवड्यांनी त्यांची जागा रिक्त झाल्याची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गाव त्यांना कौसाकाकू म्हणायचं. फळ्यावरच्या कागदावर त्यांचं नाव पूर्ण लिहिलं होतं, नवऱ्याच्या नावासकट, आणि पुढे कंसात ‘मयत’. तो कंस मी बराच वेळ पाहत उभी राहिले. सरकारी कागदाला दुःख करता येत नाही, पण तो चुकतही नाही, याचं मला त्या दिवशी थोडं बरं वाटलं.

आता त्या जागेची पोटनिवडणूक लागली आहे. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, राजूरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना गाड्यांतून उडालेला कापूस अडकला आहे, आणि सकाळी नऊ वाजले की भोंगा लावलेली रिक्षा आमच्या गल्लीत शिरते. तिचा आवाज आधी लांबून येतो, मग भिंतीला लागून दुप्पट होतो, मग वळणावर तुटतो. तव्यावर भाकरी असताना तो आवाज आला की माझा हात अजूनही वही शोधतो. रिक्षाचं भाडं दिवसाचं किती, भोंग्याचं वेगळं की त्यातच, डिझेल कोणाचं. एका हंगामात शिकलेली सवय इतकी पक्की बसेल असं वाटलं नव्हतं.

आत्याबाई उभ्या राहिल्या तो हंगामही असाच थंडीचा होता. त्या वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. खिचडी शिजवली, पोरांची नाकं पुसली. अंगणवाडीला स्वतःची खोली नव्हती. पोरं देवळाच्या ओसरीत बसायची आणि सप्ताह लागला की आठ दिवस घरी. निवृत्त झाल्यावर आत्याबाईंच्या डोक्यात एवढंच होतं. वॉर्ड बाईसाठी राखीव झाला, तेव्हा त्या आपणहून पॅनलप्रमुख भाऊसाहेबांच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

“भाऊसाहेब, मला उभं करा.”

“काकू, खर्चा झेपन का?”

“खोली बांधायची म्हनून उभी राहून राह्यले. जेवनावळी घालायला न्हाई.”

त्यांना चिन्ह मिळालं छताचा पंखा. ऐन थंडीत. पहिल्याच गल्लीत एक म्हातारी म्हणाली, “कौसे, शेकोटी भेटली न्हाई का गं?” आत्याबाई म्हणाल्या, “उन्हाळ्यात मला याद कर म्हंजे झालं.”

हिशेब लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात माझंच अक्षर नीट होतं. लग्नाआधी मी जालन्याच्या एका वाचनालयात दाखल पुस्तकांची नोंदवही लिहायची. क्रमांक, लेखक, नाव, किंमत, कुठून आलं. त्या कामाचा एक नियम माझ्या अंगात भिनला होता: भेट आलेल्या पुस्तकाचीसुद्धा किंमत लिहायची. फुकट आलं म्हणून रकाना रिकामा ठेवायचा नाही. पुढे जे घडलं त्याचं मूळ या नियमात आहे, हे मला फार उशिरा कळलं.

अर्ज भरला त्या दिवशी तहसीलमधून हिशेबाचे नमुने मिळाले आणि सोबत एक दरपत्रक. अशी यादी मी त्याआधी कधी वाचली नव्हती. चहा, वडापाव, साधं जेवण. खुर्ची प्लास्टिकची, खुर्ची गादीची. सतरंजी. हार लहान, हार मोठा. फेटा. नारळ. ढोल-ताशा, माणसागणिक. कोणीतरी टेबलाशी बसून एका निवडणुकीत काय काय लागतं ते आठवत गेलं होतं आणि प्रत्येक वस्तूपुढे आकडा लिहीत गेलं होतं. तुम्ही बाजारात काय दिलं याला महत्त्व नाही. यादीतला दर तोच खर्च. कोणी प्रेमाने खुर्च्या आणून टाकल्या तरी खुर्च्यांचं भाडं लागलंच असं धरायचं. मला त्यात विलक्षण गोडी वाटली. माणसं माणसांसाठी जे सहज करतात त्याला एक किंमत असते, आणि ती कुठेतरी छापलेली असते, ही कल्पनाच मला नवी होती. रोज संध्याकाळी मी कंदिलाच्या काचेसारखी वही पुसून घेई आणि त्या दिवसाचं लिहून काढी. गावातले बाकीचे उमेदवार निकालानंतर एका बैठकीत सगळा हिशेब उरकायचे. भाऊसाहेब मला हसायचे. “वंदनाताई, रामायन लिहून राह्यल्या का?”

नमुन्यात एक रकाना होता: ‘वस्तुरूपाने मिळालेले’. त्याखाली सूचना होती की असं मिळालेलं काहीही मिळकतीत दाखवावं आणि दराप्रमाणे खर्चातही धरावं. तो रकाना मला बोलावत होता. आणि माझ्याजवळ त्यात लिहिण्यासारखं रोज येत होतं.

आमच्याकडे बाई मत मागायला दारात आली की घरातली बाई तिला ओवाळते आणि तिची ओटी भरते. तांदूळ, नारळ, खण, कुठे केळं, कुठे सुपारी. पहिल्या दारात तबक बाहेर आलं. बाईने कुंकवाची कुयरी उचलली आणि आत्याबाईंच्या कपाळाकडे पाहिलं. मामंजींना जाऊन तेव्हा सतरा वर्षं झाली होती. बोट कुंकवात आणि कपाळ मोकळं, असा एक क्षण गेला. आत्याबाईंनीच तो संपवला. मला दंडाला धरून पुढे केलं. “हिची भरा बाई. घर एकच हाये.” सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. मी पदर पसरला.

मग तीच रीत पडली. त्या बोलायच्या, हात जोडायच्या, पंख्याचं सांगायच्या. तबक आलं की एक पाऊल मागे सरायच्या. नारळ माझ्या ओटीत पडायचा. संध्याकाळी माझी कंबर दुखायची आणि त्यांचा घसा. आमच्या वॉर्डातल्या बौद्ध वस्तीत हा प्रश्नच आला नाही. तिथल्या शिक्षिकाबाईंनी दोघींच्या हातात एकेक गुलाब दिला, आधी आत्याबाईंच्या. त्या फुलाचा दांडा आत्याबाई पुढच्या सात-आठ घरांपर्यंत हातात धरून होत्या. आज मला प्रश्न पडतो, की त्या रोज दहा-वीस वेळा मागे सरत होत्या तेव्हा मी काय पाहत होते? मी नारळ मोजत होते.

चौथ्या दिवशी इंदूबाईच्या दारात गेलो. इंदूबाई दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जाते. तिचा नवरा विहिरीवर काम करताना गेला, तेव्हा ती तिशीतसुद्धा नव्हती. तिने तबक आणलं, सरळ आत्याबाईंपुढे धरलं. मी सवयीने पुढे झाले.

“तू थांब गं,” इंदूबाई मला म्हणाली. “मत कोनाला द्यायचं, तुला का हिला?”

“इंदे, माझी कामून भरती?” आत्याबाई म्हणाल्या.

“माझी कोनी भरत न्हाई. म्हनून म्या बी कोनाची भरू नये, असं कुठं लिव्हलंय का?”

आत्याबाईंनी पदर पुढे घेतला. पण तो कसा धरायचा हे हातांना आठवेना. एक टोक वर, एक खाली; मुठीतले तांदूळ पडले ते अर्धे जमिनीवर सांडले. कोंबड्या धावत आल्या.

“धर की बराबर! मत मागायला आली का पेरनी करायला?”

दोघी हसल्या. मग आत्याबाईंनी पदर नीट धरला, नारळ त्यात पडला, आणि त्या पुढच्या घरी न जाता थोडा वेळ इंदूबाईच्या ओट्यावर बसून राहिल्या. पाणी मागितलं. प्यायल्या नाहीत.

प्रचार संपेपर्यंत अशी अकरा घरं झाली. त्या वेळी मी आकडा धरला नव्हता. माझ्या वहीत ‘उमेदवारास मिळालेले’ असा एकच रकाना होता आणि सगळे नारळ, सगळे खण त्यात एकामागे एक गेले.

खणाचा दर मात्र दरपत्रकात नव्हता. मी राजूरला जाऊन कापडदुकानातल्या शेठजींना विचारलं. त्यांच्या आजोबांपासून दुकान तिथेच आहे; ते घरी मारवाडी बोलतात आणि गिऱ्हाइकाशी आमच्यासारखंच. ते म्हणाले, “शिवायचा खण की द्यायचा?”

“फरक असतो?”

“बिलकुल! शिवायच्याचा दर वेगळा. द्यायचा खण कोन शिवतं, ताई? तो फिरतो.”

घरी येऊन मी ढीग उपसला. खरंच, एका जांभळ्या खणाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता, आणि तो डाग माझ्या हातचा होता. संक्रांतीला मी तो मागच्या गल्लीत दिला होता. चार दारं फिरून तो माझ्याकडेच परत आला होता. मला वाटलं, कदाचित गावात सगळे मिळून दोनेकशेच खण असतील आणि तेच वर्षानुवर्षं हिंडत असतील. मग त्यांची मालकी कोणाची? जी वस्तू कोणी ठेवूनच घेत नाही तिला किंमत असते का? हे सगळं मनात येऊनही मी खणाला द्यायच्या खणाचा दर लावला. रकाना रिकामा ठेवायचा नसतो. आणि आचारसंहितेत मतदारांना काही द्यायचं नाही म्हणून ते खण पुढेही फिरवले नाहीत. आमच्या घरात ते पहिल्यांदाच थांबले.

आत्याबाई निवडून आल्या. मी मुदतीच्या आत हिशेब दिला, पावती घेतली, आणि मनात म्हटलं की एवढा खरा हिशेब या तालुक्यात दुसरा नसेल. दीड महिन्यांनी नोटीस आली. पडलेल्या उमेदवाराने हिशेबाच्या नकला काढून तक्रार केली होती. एकशे चोवीस घरांच्या ओट्या, नारळ आणि खण, दराप्रमाणे. त्या खर्चात धरल्यामुळे बेरीज उमेदवाराच्या खर्चमर्यादेच्या साडेतीन हजार वर गेली होती. बेरीज मर्यादेशी ताडून पाहायचं मला सुचलंच नव्हतं, आणि प्रत्येक पानावर माझं अक्षर होतं. खुलासा पटला नाही तर सदस्यपद जाणार, आणि पुढची काही वर्षं उभंही राहता येणार नाही.

मी आत्याबाईंसमोर बसले. नोटीस वाचून दाखवता दाखवता रडू आलं. त्यांनी तुरीच्या शेंगा सोलत विचारलं, “खोटं लिव्हलं का काही?”

“नाही.”

“मंग रडती कामून? खरं लिव्हून नोटीस आली, तर खरं सांगून मिटवू.”

भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्याकडे उपाय तयार होता. “काकू, सोपं हाये. सगळ्या ओट्या सुनेच्या. सून उमेदवार न्हाई. हिशेबातून आख्खा आकडा बाद. आन सायबाला पटवायची बी गरज न्हाई. विधवेची ओटी कोन भरतं, हे त्यान्लाबी ठाऊक हाये.”

हे बोलताना त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. आत्याबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

“भरली ना,” त्या म्हणाल्या. “अकरा जनींनी भरली.”

“अकराची काय बात काढली? अकरा तुमच्या म्हनल्या तर मंग एकशेतेरा बी तुमच्याच, असं म्हनतील. एक तर समद्या सुनेच्या, न्हाईतर पद गेलं.”

“जाऊ द्या मंग.”

“आन अंगनवाडीची खोली? ठराव कोन मांडन?”

भाऊसाहेब चहा न घेताच उठले. जाताना मला म्हणाले, “तुम्हीच समजवा. तुमच्यापायीच झालंय.” ते खरं होतं. मी समजवायला बसलेही. मी म्हटलं, आत्याबाई, कागदावरच्या अकरा ओळी आहेत. त्या काढल्या म्हणून जे झालं ते न झालेलं होत नाही.

“तूच लिव्हायची ना पुस्तकांच्या वह्या?” त्या म्हणाल्या. “एखादं पुस्तक वहीतून काढलं तर ते कुठं जातं?”

मी सांगितलं, कपाटात असलं तरी ते हरवल्यातच जमा.

“मंग लिव. पयली इंदू.” आणि त्यांनी अकरा नावं सांगितली, न थांबता, ज्या क्रमाने घरं लागली त्या क्रमाने. कोणाचा नारळ, कोणाचं केळं, कोणाच्या खणाला काठ होता, तेही.

खुलाशासोबत त्या अकराजणींच्या सह्या जोडाव्यात असं ठरलं. आम्ही दोघी पुन्हा त्याच दारांत गेलो. इंदूबाईने अंगठा उठवला आणि म्हणाली, “आजून एक लावू का? हात भरलेलाच हाये.” आणखी आठजणींनी सह्या दिल्या. दोघींनी नाही म्हटलं. एकीच्या मुलीचं लग्न ठरत होतं. ती दार अर्धं लावून म्हणाली, “म्या काकूची न्हाई भरली. सुनेची भरली आसन.” मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांनी “बरं गं, सुखी ऱ्हा,” म्हटलं आणि वळल्या.

रस्त्यात मी विचारलं, मग नऊच लिहू?

“अकराच लिव. सह्या नऊ हायेत म्हनून लिव. तिनं भरली तव्हा डोळ्याला डोळा देऊन भरली. आता न्हाई म्हनती, ते आताचं हाये. दोन्ही खरं.”

मला अजून कळत नाही की त्या दोघींची नावं लिहिणं योग्य होतं का. त्यांनी भीतीने झाकलेलं आम्ही उघड केलं. खुलाशाचा कागद गावात कोणी वाचणार नाही असं मी स्वतःला समजावलं, आणि तक्रारदाराने नक्कल काढली तर, हा विचार तिथेच दाबला. नेमकेपणासुद्धा कधी कधी दुसऱ्याच्या अंगावर खर्ची पडतो. त्याचा रकाना मला नमुन्यात सापडला नाही.

भोकरदनच्या तहसीलमध्ये सुनावणी झाली. साहेब तरुण होते. त्यांनी माझी वही उलटून पाहिली, मधेच एका पानावर हसले, आणि मला विचारलं, “ताई, ओटी हा प्रचारखर्च कसा झाला? तुम्ही हे लिहिलंच का?”

“वस्तुरूपाने मिळालेलं सगळं दाखवा, असं छापलं होतं.”

“प्रचारासाठी मिळालेलं. लोकांनी तुम्हाला पाजलेला चहा लिहिलाय का?”

“लिहायचं मनात होतं. दर होता.”

बाजूचे कारकून हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागले. साहेबांनी खुलासा वाचला. मग आत्याबाईंना म्हणाले, “आजी, एकशेतेरा सुनेच्या आणि अकरा तुमच्या. हे कशावरून ठरवलं?”

“माझ्या पदरात पडल्या त्या माझ्या.”

“या अकरा तुम्ही नाकारल्या असत्या तर काम सोपं होतं. कोणी सांगितलं नाही?”

“सांगितलं ना, सायेब. पर मी सतरा वर्सं मागं सरकत आले. या अकरा दारांत सरकले न्हाई. तेवढं कागदावर ऱ्हाऊ द्या. पद काढायचं तर काढा.”

साहेबांनी वही मिटली. कागदाच्या कोपऱ्यावर सही केली आणि अहवाल वर पाठवतो म्हणाले. बाहेर आल्यावर आत्याबाईंनी उसाचा रस मागितला. दोन ग्लास प्यायल्या. एसटीत त्यांना झोप लागली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. असं आधी कधी झालं नव्हतं. उतरायचं गाव आलं तरी मी त्यांना लगेच उठवलं नाही. आम्ही एक थांबा पुढे जाऊन चालत परत आलो.

उत्तर यायला चार महिने लागले. त्यात लिहिलं होतं: ओटी हा प्रचाराचा खर्च नव्हे, ती कोणाच्याही पदरात पडो, म्हणून आकडा वजा करून हिशेब मर्यादेत धरला आहे. म्हणजे अकरा आणि एकशेतेरा हा फरक कायद्याला लागलाच नव्हता. मी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. वाटलं, आत्याबाईंना वाईट वाटेल. त्यांनी विचारलं, “नावं काढली का कागदावरून?” मी म्हटलं, नाही, खुलासा फाईलला जोडून ठेवलाय. “मंग झालं,” म्हणाल्या आणि खोलीच्या ठरावासाठी पिशवी उचलून निघाल्या. खोली झाली. आचारसंहिता केव्हाच सुटली होती. खणही त्यांनी एकेक करून फिरते केले.

आज सकाळी या वेळच्या एका उमेदवाराचा नवरा आला होता. हिशेब तुम्हीच लिहा म्हणाला. मी त्याला दरपत्रक समजावून दिलं, रोजचं रोज लिहा म्हटलं, आणि नाही म्हणाले. तो गेल्यावर मला त्याला विचारायचं होतं ते आठवलं: बायको दारात जाते तेव्हा सोबत कोण असतं, आणि तबक कोणापुढे धरतात.

भोकरदनच्या तहसीलमध्ये ती फाईल आहे. तिच्यात माझ्या अक्षरात अकरा नावं आहेत, आत्याबाईंनी सांगितली त्या क्रमाने, आणि खाली त्यांची सही. त्या अकरांपैकी आठजणी हयात आहेत. आत्याबाई नाहीत.